चार वाजताची मीटिंग

३ नोव्हेंबर

मंगल गेली. वडीगोद्रीच्या माझ्या विक्री-गटातल्या एकोणीस बायकांपैकी अकरा घेऊन गेली, साबण-तेल विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीत. फेब्रुवारीत माझ्याकडे आली तेव्हा कुणाच्या दारात उभं राहून बोलायला लाजायची. घरोघर सोबत फिरवून तिला मीच शिकवलं. यापुढे इथे फक्त 'मं.' पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

सकाळी तिचा व्हिडिओ. 'माझी पद्धत' म्हणून माझंच वेळापत्रक दाखवत होती, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांचं. अक्षर माझं, कोपऱ्यातला चहाचा डागही माझ्याच कपाचा. वर म्हणते, "लीडर तोच, जो दुसऱ्याला ताटकळत ठेवत नाही." हे वाक्यसुद्धा माझं. व्हिडिओ चार वेळा पाहिला. हा वेळ कोणत्या रकान्यात धरायचा?

५ नोव्हेंबर

हिंमत पाहा. दुपारी फोन.

"ताई, रागवू नका हं. चौदा तारखेला वडीगोद्रीत मोठी मीटिंग ठेवून राह्यले. संभाजीनगरहून आमचे सर येणार. चाळीस बायका जमल्या तर अख्खा अंबड तालुका माझ्याकडं. तुमच्या वेळापत्रकाच्या पानावर वडीगोद्रीला चार वाजता लिहिलंय. चारच ठेवू ना?"

मी म्हणाले, "पानावर आहे ते बरोबर आहे."

ते पान श्रावणातलं. तेव्हा रानात कामं कमी, बायका चारला मोकळ्या. आता कापसाची वेचणी. सकाळी गेलेली बाई दिवस मावळताना कापसाच्या वजनकाट्यावर येते, आपलं गाठोडं मोजून होईपर्यंत तिथंच बसते. वेचणीच्या दिवसांत माझा डेमो काट्यावरच असतो, सहाच्या सुमाराला. वेचणीचं वेगळं पान मं.ला दाखवायची वेळच आली नव्हती. ती जालना शहरातली, इथली वेचणी तिनं अजून पाहिलेली नाही. बायका तिला "येतो, येतो" म्हणतीलच. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

खोटं बोलले का? शब्द एकही खोटा नाही. जेवण मात्र चवीनं गेलं.

७ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. तीस वर्गांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, काय म्हणणार!

"एक फोन कर, सांगून टाक."

"तिनं जाताना मला सांगितलं होतं?"

"मंग तुझ्यात न् तिच्यात फरक काय राह्यला?"

फरक आहे. मी कुणाचं पान चोरलं नाही. (हे उत्तर पुरेसं आहे का, ते नंतर पाहू.)

१० नोव्हेंबर

चार दिवस बाकी. अजून सांगता येईल. सकाळी फोन हातात घेतलाही होता, तेवढ्यात मं.चा फोटो आला. गळ्यात हार, खाली 'तालुक्याची नवी लीडर'. फोन ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर

साडेपाचला वडीगोद्रीला पोचले, थेट काट्यावर. बायका गाठोडी टेकवून बसत होत्या. बोंडांनी चिरलेल्या बोटांना लावायचं मलम दाखवलं. वीस मिनिटांत चौदा जणींनी घेतलं. समोरच सभागृह, दारं उघडी. चाळीस खुर्च्या, सहा बायका. सर घड्याळ बघतायत. दारात मं., फोन कानाला.

"ताई, तिकडं खुर्च्याच भाषण ऐकून राह्यल्या!"

"तुम्ही तर येतो म्हणाला होतात ना?"

"म्हन्लं की! मंग कापूस काय सर वेचणार व्हते?"

सगळ्या हसल्या. मीही. मं.नं वळून पाहिलं तेव्हा मी हात हलवला. गरज नव्हती. हलवला. फार बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

सात जणींचे फोन. परत घ्या म्हणतात. सकाळभर गुणगुणत होते.

मग कमलकाकूंचा फोन. वडीगोद्रीतली माझी पहिली बाई, साठी ओलांडलेली. मं.बरोबर गेलेल्यांत त्याही होत्या. सभागृहातल्या सहांत त्याही होत्या, हे मला लांबून कळलं नव्हतं.

"मी शब्द दिल्ता वो. तीनलाच वेचणी सोडून आल्ते. सहापोत्तर बसून राह्यले. आज वेचणीची टोळीवाली म्हन्ली, अर्ध्यातून पळणारी बाई आमाला नको. बिलकुल उभं केलं न्हाई."

आता हंगामभर घरी. मी म्हणाले, "बघते काहीतरी." काय बघणार?

नेम मी एकीवर धरला होता.

१६ नोव्हेंबर

मं.चा फोन.

"ताई, तुमाला ठाऊक होतं."

"तू पानाबद्दल विचारलंस, मी पानाबद्दल सांगितलं."

ती म्हणाली, "सरांनी विचारलं, चारची वेळ कोणी ठरवली. मी म्हन्लं, मीच. तुमचं नाव घेतलं न्हाई."

का नाही घेतलं? घ्यायचं होतं! अकरा दिवस उत्तर तयार करून बसले होते मी. तेही हिनं हिसकावून घेतलं. मोठेपणा दाखवायला हिला आत्ताच सुचलं? अकरा बायका हिनंच नेल्या होत्या, हे मी विसरणार नाही.

१७ नोव्हेंबर

उद्या माझ्या घरी त्या सातजणी. कमलकाकूही येणार. सकाळी मं.चा मेसेज: 'मीपण येऊ का? परत काम करायचंय.'

नाही म्हणावं. सगळ्यांसमोर बोलावून नाही म्हणावं, असंही मनात आलं. पण तिला नाही म्हणाले तर ती बोलेल, आणि हो म्हणाले तर ती न बोलता रोज माझ्यासमोर बसेल. दुसरं जास्त वाईट.

हे म्हणाले, "निदान कमलकाकूंना तरी खरं सांग." सांगितलं तर काकू उठून जातील, त्यांच्यामागे बाकीच्या. मग वडीगोद्री कायमचं गेलं.

संध्याकाळी काकूंचा फोन. "ताई, उद्या कितीला येऊ?"

"दहाला."

"तुमी सांगितली म्हंजे वेळ बराबरच आसंल."

मी "या" एवढंच म्हणाले. मं.चा मेसेज समोर उघडाच आहे.