गुलाबी कुकरवरचं बोट

रविवार, दिंडोशी.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहून टाकते.

सायलीने आज तिचं चित्र आणून दिलं. कॉलेजात असताना ती रोज आमच्याकडेच जेवायची, आणि आता तिची प्रदर्शनं भरतात! चित्र आमच्याच जुन्या कुकरचं. भडक गुलाबी कुकर, मागे पिवळाधम्मक रंग. मुठीला बाबांनी गुंडाळलेली तारसुद्धा सोडली नाही पोरीने. सिल्कस्क्रीनवर हाताने छापलेल्या फक्त तीस प्रती, खाली पेन्सिलीने सही.

मी चहा टाकायला आत गेले आणि तेवढ्यात आईने त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. थेट कागदावर, सहीच्या शेजारी!

"आई, वाट लावलीस ना!" केवढ्याने ओरडले मी. तेही सायलीसमोर.

"नवीन वस्तू घरात आली गं. फ्रिजला लावलं, तुझ्या स्कूटीला लावलं..." आईचा चेहरा एवढासा झाला.

सायली वाकून ते बोट बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, याच कुकरमधला भात खाऊन शिकले मी. हे मला सुचायला हवं होतं." निघताना मला दारात बजावून गेली, "फ्रेमवाल्याला नीट सांग. माझी सही झाकली गेली तरी चालेल, ते बोट दिसलं पाहिजे."

किती सहज सावरलं तिने. मला का नाही जमलं?

आई आत्ता तांदळाचा डबा बंद करता करता विचारतेय, "म्हणजे बाकीचे एकोणतीस कुकर तसेच गेले गं लोकांच्या घरी?"