मार्लिसचा खांदा आणि एकोणचाळीस इंच

३ ऑक्टोबर
विम्याचा एजंट केंट येऊन गेला. आमच्या चीज कारखान्यातल्या अकरा जणांच्या आरोग्यविम्याचा हप्ता जानेवारीपासून वाढणार म्हणे. उपाय? "ऑर्व्हिल, कामगारांचा वाटा वाढव. खिशाला चाट बसली की डॉक्टरकडे कमी जातात." म्हणजे दुखणं तसंच, माणूस फक्त गप्प! कागद परत दिला. उपाय माझा मी शोधीन. चीज करायला तरी कुणी शिकवलं होतं?

४ ऑक्टोबर
जेवणाच्या सुट्टीत एकेकाला विचारलं. अकरातल्या सात जणांचं पाठ, खांदा नाहीतर मनगट. म्हणजे हे आमच्याच कामानं दिलेलं.

चकत्या उलटणाऱ्या मार्लिसचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. १९ डिसेंबरला ऑपरेशन. "एवढी घाई?" म्हटलं. "अरे, यंदाचा माझा वाटा भरून झालाय, आता वर्षअखेरपर्यंतचं बिल विमा भरतो. एक जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून! डिसेंबरात कापलं तर जवळजवळ फुकट." डॉक्टर काय म्हणाले? "करता येईल म्हणाले." करायलाच हवं, असं नाही! सेलमध्ये कोट घ्यावा तसा खांदा कापून घेणार. वर चार महिने घरी, आणि परत चीजची बावीस पौंडांची चकती उचलता येईल याची खात्री कुणीच देत नाही.

६ ऑक्टोबर
दिवसभर पट्टी घेऊन फिरलो. आठही टेबलं एकोणचाळीस इंच उंच. मार्लिस पाच फूट एक. चकती उलटताना तिचं कोपर थेट खांद्याच्या रेषेत — दिवसाला तीनशे वेळा.

टेबलं मीच वेल्ड केलेली, सतरा वर्षांपूर्वी. काटकोन अजून केसभर ढळलेला नाही. पण माप कुणाचं घेतलं होतं? माझं. सहा फूट दोन.

११ ऑक्टोबर
तिच्यासाठी सात इंचांचा चौथरा केला. वर जाळी, पाणी साचत नाही. मार्लिस चढली आणि ओरडली, "पाद्र्यासारखं उभं केलंस की! ऐका रे प्रवचन — ऑर्व्हिलला सतरा वर्षांनी कळलं, मी बुटकी आहे!" सगळे हसले. मीही.

१४ ऑक्टोबर
फिजिओथेरपिस्ट बेथनी आता दर मंगळवारी कारखान्यात येणार. खर्च माझा, वेळ कामातला. मार्लिस रांगेत नाही. "कापायचंच आहे, मग कशाला?" म्हटलं, "ऑपरेशनची तारीख आहे तशी राहू दे. आठ आठवडे दे मला." — "हट्टी! बापावर गेलायस." पण गेली.

७ नोव्हेंबर
शुक्रवारचं जेवण सगळ्यांनी मिळून — तळलेले मासे, राय ब्रेड. तिचा हात कानापर्यंत पोचला!

९ डिसेंबर
डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. ऑपरेशनची गरज नाही. मार्लिस म्हणते, "जानेवारीत दुखलं तर बिल तुझ्या दारात!" पाठव म्हटलं. आणखी तीन चौथरे कापायला घेतलेत, प्रत्येक वेगळ्या मापाचा.

१६ डिसेंबर
हप्ता वाढलाच. तसूभरही कमी नाही. केंट म्हणतो, असल्या गोष्टी विमा कंपनी दोन-तीन वर्षांनी हिशेबात धरते, धरल्या तर. सही केली. कामगारांचा वाटा होता तेवढाच ठेवला.

बाहेर आलो तर मार्लिस दोन्ही हात मानेमागे नेऊन केस बांधत होती. दोन वर्षं तिचे केस नवरा बांधायचा — मला आज कळलं.