चंद्रव्वाचं चिलखत

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२५

ती. शांतम्मा आत्यास,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या सगळ्या बायकांना माझी खबर लागते. म्हणून हे पत्र.

आमच्या कंपनीत आम्ही सात जण मोबाइलवरचा एक खेळ बनवतोय. त्यातली किल्लेदारीण चंद्रव्वा माझी. तिचं चित्र, तिची चाल, तिची तलवार, सगळं मी केलंय. मी तिला कासोट्याचं लुगडं आणि वर जाड चिलखत दिलं होतं. परवा आमचे मालक अमृतराव यांनी ते काढून टाकलं. आता चिलखत म्हणजे दोन सोनेरी वाट्या आणि एक पट्टा. सोबतचं चित्र बघ. म्हणाले, खेळणारी सगळी पोरंच असतात, त्यांना हेच लागतं. मी म्हटलं, मीही खेळते. तर म्हणाले, तू अपवाद आहेस, चहाचं तेवढं बघ. सहा पुरुषांत मी एकटी, त्यामुळे चहा माझ्याकडे आणि पूजेची रांगोळीही.

अठ्ठावीस तारखेला खेळात पैसे घालणारे हैदराबादचे लोक तो बघायला येणार आहेत. त्यांनी ही वाट्यांची चंद्रव्वा पसंत केली तर मी राजीनामा देणार. बाबांनी अख्ख्या बाजारात सांगून ठेवलंय की घरातली पहिली पदवीधर नांदेडला मोठ्या कामावर आहे. त्यांना काय सांगू ते कळव.

बाकी ठीक. शेजारच्या टेबलावर अमरनाथ म्हणून एकजण बसतो, उदगीरचा. चंद्रव्वाला पडद्यावर पळवायचं काम त्याचं. तो माझ्या बाजूचा आहे, पण हे तो फक्त जिन्यात सांगतो.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझी मंजुश्री


निलंगा, ८ नोव्हेंबर

चि. मंजुश्रीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं, चित्र पाहिलं. तीस वर्षं झाली शिलाई करून, असलं काय कुणी मागितलं न्हाई. हुक न्हाई, काज न्हाई, पट्टा कशाला अडकवलाय तेच कळंना. माझ्या दुकानचा नेम तुला ठाव हाय. ब्लाउज झाला की बाईनं तिथंच घालायचा अन् फळीवरचा डबा काढल्यावानी दोन्ही हात वर करायचे. उसवला न्हाई तरच घरी न्यायचा. ही तर तलवार उचलणारी बाई.

राजीनाम्याचं खूळ काढून टाक. घरी आलीस तर काज करायला बसवीन, अन् तुझं काज वाकडं येतं हे साऱ्या खानदानाला म्हाईत हाय.

जिन्यात बोलणाऱ्याला म्हणावं, खोलीत बोल. त्याचं गाव लिवलंस, काम लिवलंस, टेबल लिवलंस. आडनाव तेवढं राहिलं.

वेळेवर जेवत जा. माझा जीव तुझ्यात हायेच, तो वेगळा लिवत न्हाई.
तुझी आत्या


नांदेड, १२ नोव्हेंबर

आदरणीय शांतम्मा आत्यांना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी अमरनाथ बिराजदार, शेजारच्या टेबलावरचा. मंजुश्रीनं आपलं पत्र मला वाचून दाखवलं. जिन्याचा भाग तिनं दोनदा वाचला.

आपलं म्हणणं खरं आहे. मालकांपुढे माझं तोंड उघडत नाही. पण खेळ बाजारात जाण्याआधी तो मोडून, पाडून तपासायचं कामही माझ्याकडेच आहे. तसंच हे चिलखतही तपासावं म्हणतो. चित्रात आहे तसं खरोखरचं शिवून द्याल का? संगणकातली चंद्रव्वाची मापं अशी आहेत: छाती चव्वेचाळीस, कंबर चौदा.

मंजुश्रीला कळवू नये ही विनंती. ती राजीनामा देऊन गेली तर शेजारचं टेबल मला बघवणार नाही.

ओळख नसताना लोभ कसा मागावा? थोडा उधार द्यावा.
आपला नम्र,
अमरनाथ


निलंगा, १८ नोव्हेंबर

चि. अमरनाथ यास आशीर्वाद.

ही बाई न्हाई बाबा, डमरू हाय. चौदा इंच तर माझा दंड भरतो. या मापात बसणारं माणूस मिळायचं न्हाई, म्हणून चिलखत तुझ्या मापानं शिवलं. दिवाळीला मंजीनं ऑफिसचा फोटो दाखवला होता, त्यात तू दाराला टेकून उभा हाईस. दारावरून अंदाज काढला.

सोनेरी कापड, आत पुठ्ठा. पट्टा चित्रातल्यावानी, एक टाका जास्त घातला न्हाई. एसटीनं पार्सल धाडलंय. हात पुरे वर करायचे. लाज वाटली तर ध्यानात ठेव, ती बिचारी तेच घालून लढणार हाय.

उधार दिलाय. वागणूक बघून पुढचं ठरवीन.
शांतम्मा


नांदेड, ४ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू एवढी आतल्या गाठीची असशील असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी हैदराबादहून विशाखा मॅडम आणि दोन साहेब आले. अमृतरावांनी पडद्यावर वाट्यांची चंद्रव्वा लावली आणि हे चिलखत लढाईला कसं मोकळं, सोयीचं आहे ते सांगू लागले. माझा राजीनामा फाइलमध्ये तयार होता. तेवढ्यात अमरनाथ आत आला. खाली ऑफिसची पँट, अंगात बनियन, बनियनवर तुझं सोनेरी चिलखत आणि हातात खराटा. कुणाला काही कळायच्या आत त्यानं खराटा तलवारीसारखा उचलून दोन्ही हात वर केले. पट्टा तुटला. एक वाटी उडून अमृतरावांच्या बशीत पडली, दुसरी घसरत त्याच्या गुडघ्याला अडकली.

अमृतराव घाईघाईनं म्हणाले, पोराची तब्येत बरी नाही. तेव्हा अमरनाथ पहिल्यांदा जिन्याबाहेर बोलला. म्हणाला, “साहेब, मी बरा हाय. हे घालून चंद्रव्वा पहिल्याच वाराला हरती. तिचं खरं चिलखत मंजुश्रीनं केलंय, ते दाखवा.” कान लाल झाले होते, पण वाक्य पुरं केलं.

मग विशाखा मॅडम हसल्या त्या थांबेचनात. डोळे पुसून त्यांनी माझी चंद्रव्वा बघितली. कासोटा घोड्यावर बसायला कसा बरा पडतो, इथपर्यंत सगळं विचारलं. आत्या, त्यांनी तीच घेतली, आणि पुढचं काम माझ्या हाताखाली चालावं असं लेखी दिलं. अमृतराव मला आता मंजुश्री मॅडम म्हणतात. सध्या फक्त जिन्यात, पण म्हणतात.

कामाची प्रमुख म्हणून सगळ्यांच्या रजा मीच मंजूर करते. आज अमरनाथचा अर्ज आला. बारा आणि तेरा डिसेंबर, दोन दिवस. कारण: निलंग्याला मुलगी पाहायला जाणे. मी तो तीनदा वाचला. मग एकच दिवस मंजूर केला, तेराचा शनिवार. चंद्रव्वाचा घोडा अजून तीन पायांवर पळतोय, त्यामुळे मला येता येणार नाही. मुलगी त्यानं रोज पाहिलेलीच आहे. बाबांना म्हणावं, मुलगा तेवढा नीट बघून घ्या.

घरच्या सर्वांना नमस्कार. तुझ्या मायेत आता एक वाटेकरी येतोय, तरी माझा वाटा कमी करू नकोस.
तुझीच,
मंजुश्री