यादीत दादा नाही

४ ऑगस्ट २००३, सोम.
शाळेच्या पत्त्यावर पुण्याच्या मनोरुग्णालयाचं पत्र. दादा बरा आहे, गोळ्या चालू ठेवून घरी न्यावा. नऊ वर्षांनी. मधल्या सुटीत दोनदा वाचलं. डबा तसाच परत आणला.

१० ऑगस्ट, रवि.
गावी जाऊन आले. धाकट्या अण्णानं पत्र वाचलंही नाही. "पोरं भेतील. तुला लई पुळका, तू ने."
आई असती तर... तिनंच दादाला दीड वर्ष गोठ्यात साखळीनं बांधू दिलं. तिनं एकटीनं नाही. आम्ही सगळ्यांनी.

२३ ऑगस्ट
पुणे. डॉ. बाई तरुण. म्हणाल्या, काही देशांत अशी मोठी इस्पितळं बंद केली, माणसं आपापल्या गावात राहतात, तो त्यांचा हक्कच मानतात.
म्हटलं, "गावानं राहू दिलं पाहिजे ना."
त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढं केली.
दादा पिशवी घेऊन आला. "केस पिकले की गं तुझे."
राजगुरुनगरला एसटी थांबली तर विचारतो, "खाली उतरू का?" पाणी पिऊ का, खिडकी उघडू का. सगळ्याला परवानगी.

१४ सप्टें.
वारूळवाडीत माझ्या दोन खोल्यांत तीन आठवडे झाले. झाडतो, भांडी घासतो. दार लोटलं की उठून उघडतो.
घरमालकीण : "बाई, शाळंत जाताना भाईरून कुलूप लावता नव्हं?"
हो म्हटलं. लावत नाही. रात्री मात्र त्याच्या चाहुलीनं झोप लागत नाही, पाचवीच्या वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटतात.

९ नोव्हें., रवि.
दादाला गावी नेलं, त्याचाच हट्ट. पंचायतीच्या भिंतीवर मतदार यादी. बोट ठेवत वाचत गेला. अण्णा आहे, वहिनी आहे, गेल्या साली वारलेले शेजारचे तात्यासुद्धा. दादा नाही.
शिपाई म्हणाला, "येड्याचं नाव न्हाई ठेवीत, भाऊ."
"ठरवलं कोणी?" दादाचा आवाज चढला. मला बरं वाटलं. भीतीही वाटली.

१७ नोव्हें.
रजा टाकून दोघं तालुक्याच्या कचेरीत. कारकुनानं जुनी फाईल काढली. दादाला मनोरुग्ण ठरवल्याचा कोर्टाचा कागद नाहीच. नाव कमी करा म्हणून नुसता अर्ज.
"बाई, ह्यो तुमचाच की."
माझं अक्षर, माझी सही. दादाला इस्पितळात नेलं त्या आठवड्यात अण्णा सांगेल ते लिहून देत होते, त्यातच हे. आठवत नाही. खरंच आठवत नाही.
दादानं शेवटपर्यंत वाचलं. लहानपणी हे अक्षर त्यानंच गिरवून घेतलं होतं. कागद सरळ करून कारकुनाला परत दिला.

२० नोव्हें.
तीन दिवस अबोला. कामं करतो, गोळ्या घेतो.
आज शाळेतून आले तर नवा अर्ज पुढ्यात ठेवला. सगळं भरलंय. नाव आधी का कमी झालं ते दोन ओळींत लिहा, असं कारकून म्हणाला होता, तेवढी जागा कोरी.
"तू लिही. खरं लिही."
'बहिणीने' एवढंच लिहिलं. पुढं सुचत नाही. दादा दारात पाठमोरा उभा आहे. मुदत उद्यापर्यंत.