गल्लीचा इतिहास, दर्शनी बाजूने

४ मार्च
आजपासून कामाला सुरुवात. पुस्तकाचं नाव ठरलं: आमच्या रस्त्यावरचे जुने पब व इमारती, एक साधार इतिहास. ‘साधार’ महत्त्वाचं. मोबाइलवर फोटो टाकून त्याला हिस्ट्री म्हणणारे पुष्कळ झालेत.
बायको महिनाभर मुलीकडे गेली आहे. बरंच झालं, एकांत मिळाला. जाताना शिलाई मशीनही नेलं. मुलीकडे काही शिवणकाम निघालं असेल.

७ मार्च
कोपऱ्यावरच्या पबपासून आरंभ. रस्त्यावरची सर्वांत जुनी इमारत. खाली पब, वर भाड्याच्या खोल्या. लग्न झाल्यावर आम्ही तिथेच दुसऱ्या मजल्यावर राहिलो, त्यामुळे हा विषय मला तोंडपाठ. कमान, बिडाचे खांब, दारावरची रंगीत काच, सगळं टिपून घेतलं. दोन ग्लास बिअर घेतली, अभ्यासाचा भाग म्हणून. आत बसल्याशिवाय पब कळत नाही.
मालक म्हणाला, साहेब, तुमचा अभ्यास माझ्या वडिलांपासून चालू आहे. जाणकार माणूस.

१२ मार्च
संकल्प: रोज पहाटे उठून दोन पानं लिहायची. आज उठायला उशीर झाला. पण मनात सगळं लिहून तयार आहे, फक्त उतरवायचं बाकी.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई महिनाभरासाठी आलेली नाही. म्हटलं, मग दोन महिने राहू दे की, तुलाही मदत. फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१९ मार्च
मेहुणा आला होता, हिचे गरम कपडे न्यायला. हिचा धाकटा भाऊ. धंद्याने प्लंबर, त्यामुळे त्याला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. म्हणाला, भावोजी, ताईने तुम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं ना? की तेव्हाही तुमचं पबपुराण चालू होतं?
सांगितलं होतं खरं. नेमका त्याच दिवशी कचेरीत जुना नकाशा सापडला होता, त्या नादात नीट ऐकलं गेलं नाही. सारांश एवढाच की तिला या घरात एकटं वाटतं. मी असताना एकटं कसं वाटेल? संध्याकाळी नसतो, ते सोडा.
मेहुणा गेल्यावर कल्पना सुचली. हेरिटेज वॉक! २९ तारखेच्या रविवारी सकाळी. ही येईल, माझं काम डोळ्यांनी बघेल आणि तिथून परस्पर घरी येईल. मुलीला मेसेज केला. पलंगावरची चादर बदलली.

२६ मार्च
ही येते आहे! मुलगी म्हणाली, येते म्हणतेय, पण बाबा, उगाच मनात काही धरू नका. मी काहीही धरलेलं नाही. घर झाडलं. दूध जास्तीचं सांगितलं. हिला बिस्किटं कुठली आवडतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून तीन प्रकारची आणली.
संकल्प: रविवारपर्यंत पबमध्ये पाऊल टाकायचं नाही.
संध्याकाळी: दरवाजाची उंची मोजायची राहिली होती. जावं लागलं.

२९ मार्च, रविवार
वॉक झाला. पन्नासेक लोक येतील असा अंदाज होता. आले ते मुलगी, मेहुणा, केमिस्ट आणि सलूनवाला. सलूनवालाही दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. थोडे, पण दर्दी. आणि ही. निळ्या स्वेटरमध्ये.
बोललो उत्तम. एक जुना पब बंद पडून तिथे चष्म्याचं दुकान झालंय, ते दाखवलं. मेहुणा म्हणाला, म्हणजे रस्त्याला एकदाचं दिसायला लागलं म्हणायचं. सगळे हसले. हीसुद्धा. किती दिवसांनी.
शेवटी कोपऱ्यावरचा पब. कमानीच्या वरची खिडकी दाखवून म्हटलं, मंडळी, याच खिडकीत आमचा संसार सुरू झाला.  टाळ्या पडायला हरकत नव्हती.
ही हळूच म्हणाली, ती नव्हे हो. रस्त्याकडच्या खोल्या आपल्याला कुठल्या परवडायला. आपली मागे होती, बोळाकडे.
म्हटलं, नक्की?
म्हणाली, खाली पबचं मागचं दार होतं, लोखंडी. तुम्ही पुढून आत जायचात आणि मागून बाहेर यायचात, जिना जवळ पडायचा म्हणून. दार उघडलं की बोळात पिवळा उजेड पडायचा. दर वेळी उठून बघायचे मी. पिंपं उतरवणारा, भांडी घासणारी, मालकाचा कुत्रा, सगळ्यांची पावलं ओळखू यायला लागली होती. ही पोरगी झाली तेव्हा हिला मांडीवर घेऊन तिथेच बसायचे.
आवाज जराही चढला नाही. कोणाला पत्ता सांगावा तशी बोलली. मुलीने तिचा हात धरला. सलूनवाल्याला एकदम दुकान आठवलं.
मी म्हटलं, ही माहिती फार उपयोगाची आहे, पुस्तकात घालीन. ही म्हणाली, घाला. मग मेहुण्याच्या गाडीत जाऊन बसली. चहाचं विचारायला हवं होतं. गाडी वळल्यावर सुचलं.

३० मार्च
वॉक एकंदरीत यशस्वी. एका तपशिलाची दुरुस्ती करायची, एवढंच. मागच्या बाजूची पाहणी उद्या.
तिन्ही पुडे तसेच आहेत.

३१ मार्च
बोळात गेलो. इथून हजारदा गेलो असेन. मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला गिलावा नाही, गंजके पाइप, आणि दुसऱ्या मजल्यावर ओळीने चार खिडक्या. सगळ्या सारख्या. आमची कुठली ते कळेना. बराच वेळ उभा राहिलो. मग हिला फोन लावला. वाजत राहिला.
एका खिडकीत एक बाई आली, कडेवर बाळ. कोण हवंय, म्हणाली. म्हटलं, कोणी नाही, इमारत बघतोय.
ती म्हणाली, बघण्यासारखं पुढे आहे, काका. इथे मागे काही नाही.