चिचबोडीवरून जाणारा रस्ता

५ ऑक्टोबर, रविवार

नकाशा पुन्हा खोडला. कागद इतका घासला गेला आहे की लाखांदूरच्या जागी आता भोकच पडेल.

सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली, आणि साध्या दोन दिवसांच्या सहलीची वाट कागदावर बसेना. नागपूर, उमरेड, भिवापूर, पवनी, वैनगंगेचा पूल, लाखांदूर, मग आतल्या आत झाडीपट्टी. हायवे नको. चि. पंकजला दाखवला.

"बाबा, भंडारा-साकोलीवरून सरळ रस्ता आहे. अन् झाडीत आहे काय पाहायले? तलाव अन् धान."

तेच तर पाहायचं आहे! शाळेत निम्म्या कविता तळ्याच्याच होत्या. मास्तर डोळे मिटून म्हणत, आम्ही खिडकीतून बाहेर धूळ पाहायचो. तळं असतं कसं, हे मला झाडीत गेल्यावर कळलं. पं.ला हे सांगायला गेलो तर तो फोनवर ताडोब्याचं रिसॉर्ट उघडून बसला. पोहायचा तलाव आहे म्हणे. निळा.

खरं कारण इथेच लिहितो, घरात बोलायची सोय नाही. चिचबोडी हे हिचं माहेर. भाऊबीज झाली की तिकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री नाटक, आणि गावच्या लेकी घरी येतात. मेव्हणे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बोलावणं नाही, आणि ही गेलेली नाही. बोलतही नाही त्याबद्दल. दिवाळी जवळ आली की नुसते डबे घासते.

७ ऑक्टो., मंगळ.

पकडला गेलो. हिने चष्मा लावून नकाशा पाहिला.

"सगळे रस्ते चिचबोडीवरून काहून जाऊन राहिले तुमचे?"

म्हटलं, रस्ताच तसा आहे.

"नवेगावचा तलाव पाहायचा तर चिचबोडी आडवाटेले पडते. मी त्या भागातली आहे, मले नका शिकवू."

मग म्हटलं, फक्त चहाला थांबू.

"चहाले? दादा होता तोवर दसरा झाला की फोन येऊन जाये. बोलावल्याशिवाय जायले मी काय मतं मागायले निघाली आहो?"

संपला विषय. वर भाजीत मीठ नव्हतं. पानातच घेतलं.

९ ऑक्टो., गुरु.

ही भाजीला गेली तेव्हा चिचबोडीला फोन केला. भाचा दिलीप, मेव्हण्यांचा मुलगा. यंदा मंडई कधी?

"मामाजी, अजून फिक्स नाही. खैरटोलावाले ठरवतीन, मंग आपन."

खैरटोला शेजारचं गाव. त्यांची तारीख?

"ते आपली वाट पाहून राहिले."

एकाच दिवशी दोन्ही मंडया नकोत, गिऱ्हाईक फुटतं, म्हणून ही सगळी सभ्यता. दोघंही दारात उभे, "तुम्ही आधी, तुम्ही आधी". माझी सहल मात्र दारातच अडकली.

१२ ऑक्टो., रवि.

पं. जेवायला आला. मिहानमध्ये कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसतो. म्हणे तिथे रजा आधी टाकावी लागते.

"तारीख सांगा ना, बाबा. सिस्टीममध्ये भरायची आहे. 'झाडीच्या मनात येईल तेव्हा' असं तिथं लिहिता नाही येत."

पुन्हा दिलीप. आता नवीनच. तारीख गाव ठरवत नाही, नाटक कंपनी ठरवते. कंपनी ज्या दिवशी मोकळी, त्या दिवशी मंडई. आणि कंपनीचा माणूस फोन उचलत नाही.

मनात एक ओळ आली म्हणून बरं वाटलं:

पाळीवर एक चिंच, पाण्यात तिची जोडी;
ही हलते वाऱ्याने, ती माशाने थोडी.

हिला म्हणून दाखवली. "मासे झाड हलवतात?" म्हणाली आणि फोडणीला वळली.

चिचबोडीच्या तळ्याच्या बांधावरच्या याच चिंचेखाली हिला पहिल्यांदा पाहिलं. मंडईतच. तेव्हा मुलगी पाहणं असंच, दुकानं पाहता पाहता. सासरेबुवांनी विचारलं, पोरगं काय करते? घाबरून मी सातवीतली अख्खी कविता म्हटली, उभं राहून, हात बांधून. ही मागे बांगड्यांच्या दुकानात फसकन हसली. अजून टोमणा मारते, "बाबानं विचारलं होतं नोकरीचं."

१५ ऑक्टो., बुध.

डोकं उठलं आहे.

दिलीपला तारखेसाठी फोन केला, तो वहिनींनी घेतला. मेव्हण्यांच्या मिसेस.

"भाऊजी, यंदा तरी बाई येते का?"

मी सरळ बोललो. बोलावलं तर येईल.

"बोलावलं तर? लेकीले तिच्याच घरी बोलावा लागते? माझा माणूस गेला तर तिचं माहेर बी गेलं का? दोन्ही वर्षी मंडईले मी ओट्यावर पाय धुवायले पाणी ठेवलं. संध्याकाळी झाडाले ओतलं." मग हळूच, "अन् हे तिले सांगू नका. तुम्हाले माझ्या गळ्याची शपथ आहे. सांगितल्यावर आली तर काय आली?"

म्हणजे इकडे ही बोलावण्याची वाट पाहते. तिकडे वहिनी न बोलावता येण्याची वाट पाहतात. खैरटोला आणि चिचबोडी घरातच आहेत की!

म्हटलं, वहिनी, एक फोन करा. एक.

"मी मोठी आहो. मी काहून करू?"

हीही स्वतःला मोठीच समजते.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

दिलीपने दिव्याचं चित्र पाठवलं. ही खूश होऊन चष्मा शोधायला लागली. मग पाहिलं.

"सगळ्यांले पाठवलं आहे. मले नाही."

म्हटलं, सगळ्यांत तू आलीसच की.

"तेच म्हणून राहिली."

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं. दिवेलागणीला ही ताट घेऊन गच्चीवर गेली. ढग. पं. बायकोला घेऊन सासरी, घरात आम्ही दोघंच. वर कोणी हाक मारेना, खाली कोणी हाक मारेना. अशा प्रसंगी मला नेहमी काहीतरी सुचतं. आज सुचलं नाही, तेच बरं झालं.

बऱ्याच वेळाने उतरली. "दिसला का?"

"एवढासा दिसला. लगेच गेला."

वहिनींची गोष्ट ओठावर आली होती. गिळली. शपथ मोडली आणि दोघींनी मलाच वाळीत टाकलं तर?

२६ ऑक्टो., रवि.

तारीख आली! खैरटोला शनिवारी, चिचबोडी रविवारी, २ नोव्हेंबरला. पं.ने सोमवारची रजाही टाकून ठेवली, परतीसाठी.

हिला सांगितलं. "तुम्ही बापलेक जा."

आता मात्र सटकली. पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोर चिचबोडी खोडून टाकली. म्हटलं, झालं? पवनी, नवेगाव, परत. तुझं गाव नकाशातच नाही.

पोळ्या लाटून झाल्यावर हात पुसत आली. कागद पाहिला.

"खोडली काहून?"

मी पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"चिंचेजवळचा फाटा तरी ठेवा. गाडी तिथूनच वळते."

गिरवली पुन्हा. कागद फाटला. मागून पट्टी लावली.

३० ऑक्टो., गुरु.

अनारसे. दोन दिवस घरात तुपाचा वास. एवढे कोणाला?

"रस्त्यात भूक लागते."

तीन माणसांना पत्र्याचा डबा भरून भूक लागते! बॅगेत एक लुगडं, घडीही न मोडलेलं. ही नऊवारी नेसत नाही. वहिनी नेसतात. मी काही पाहिलं नाही.

संध्याकाळी दिलीप. "मामाजी, कंपनीची गाडी लाखांदूरकडे फसली, एक दिवस पुढं ढकललं. सोमवारी."

पं.ला कळवलं. तो फोनवर जे बोलला ते शुद्ध हिंदीत होतं, इथे लिहीत नाही. मग मंगळवारही रजेत टाकला. मला वाटलं ही म्हणेल, राहू द्या आता. हिने अनारशांच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "एक दिवसानं काही होत नाही. मुरतील."

३ नोव्हें., सोमवार. चिचबोडी

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून लिहितो आहे. मांडीचं टेबल, अक्षर तसंच.

सकाळी निघालो. पवनीच्या पुलावर पं.ने आपणहून गाडी हळू केली. वैनगंगा भरून वाहते आहे. त्याने फोटोही काढला. लाखांदूरनंतर फोनातल्या बाईने धानाच्या बांधावर नेऊन सोडलं. माझा नकाशा काढला, तर माझ्या रस्त्यावर आता कुणाचं तरी घर आहे. दाराशी म्हैस.

"नकाशाबी गेला, फोनबी गेला," पं. म्हणाला. "आता?"

मागून ही म्हणाली, "मागं घे. डावीकडे. आता देऊळ येईन. आता शाळा. आता चिंच." आणि चिंच आली तशी, "बस. इथं थांबव. मी गाडीतच बसते, तुम्ही जाऊन या."

वादच घातला नाही. शक्तीच उरली नव्हती. पं. भजी पाहायला मंडईत सटकला.

घर इथून दिसतं, बोडीला लागूनच. मी एकटा गेलो. ओट्यावर पाणी होतं, पाय धुतले. वहिनी दारात आल्या, माझ्या मागे पाहिलं.

"बाई?"

"गाडीत."

"हो का." आत गेल्या. मला वाटलं आता चहा येईल. आल्या त्या दुसरा तांब्या घेऊन. घासलेला, काठोकाठ. ओट्याच्या कडेला ठेवला आणि गाडीकडे न पाहता परत आत.

गाडीशी येऊन हिला सांगितलं. ओट्यावर पाणी ठेवलं आहे.

"तुमच्यासाठी असेल."

"मी धुतले." पायजम्याच्या ओल्या कडा दाखवल्या. तिने वाकून पाहिल्या.

"काही बोलली का वहिनी?"

शपथ. "नाही."

"नाहीच बोलायची ते," म्हणाली, पण रागाने नाही.

मी इथे पाळीवर येऊन बसलो. बोडीत शिंगाड्याचा वेल इतका माजला आहे की पाण्यात चिंच दिसत नाही. माझी ओळ फुकट गेली. मंडपात माइक तपासताहेत, हॅलो, हॅलो. तिच्या बाजूचं गाडीचं दार उघडं आहे. खाली एक चप्पल. पडली की काढून ठेवली, इथून कळत नाही.

आत्ता एक कोंबडी ओट्यावर चढली आणि तांब्यात चोच घालायला वाकली. दाराआडून वहिनींचा आवाज आला, "हुश्श!" आणि नेमका त्याच क्षणी गाडीतूनही, "हुश्श!"

कोंबडी गेली. आता दोघींनाही कळलं आहे की दुसरी पाहते आहे. तांब्या तसाच आहे, भरलेला. मी मान खाली घालून लिहितो आहे, आणि उगाच कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पान उलटत नाही.