चंद्रिकाबाईंचा विरोध

६ ऑगस्ट, मंगळवार

बाई आज समितीवर भडकल्या! मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघता येत नाही. म्हणून कॉलेज सुटलं की मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी जाते आणि फोरट्रानच्या नव्या स्टँडर्डचा मसुदा मोठ्यानं वाचते. कॉम्प्युटरची ही भाषा माझ्या आईहून मोठी. हवामानाचे कितीतरी हिशेब अजून तिच्यातच चालतात. तिचे नियम ठरवायला जगभरची माणसं बसतात — आणि त्यांच्यात आमच्या चंद्रिकाबाई!

"थांब. ते परत वाच."

नवा नियम: प्रोग्राममध्ये आकड्यांना दिलेलं प्रत्येक नाव आधी जाहीर करायचं. आजवर सक्ती नव्हती. न सांगता नाव वापरलं तरी भाषा चालवून घ्यायची.

"जुने प्रोग्राम बंद पडतील! लिहिणारी माणसं रिटायर झाली, काही गेली. त्यांच्या वतीनं कोण बोलणार?"

"नव्या मुलांना सोपं जाईल की, बाई."

"नवी मुलं बोलतात गं. जुना प्रोग्राम बोलत नाही."

९ ऑगस्ट, शुक्रवार

विरोधाचा मजकूर तयार, समितीला पाठवलाही. बाई सांगत होत्या, मी टाईप करत होते. एकेका शब्दासाठी केवढी घासाघीस! आता वाचते तर एकही शब्द काढता येत नाही. मला असं कधी जमणार?

पण बाईंचं समाधान नाही. "नुसतं बोलून चालत नाही. रोज वापरातला एक तरी प्रोग्राम दाखवायला हवा." मंगळवेढ्याला त्यांचे वर्गमित्र भीमाशंकरकाका आहेत, ते असाच एक जुना प्रोग्राम चालवतात. रविवारी जायचं.

११ ऑगस्ट, रविवार

मंगळवेढ्याहून आत्ताच आले. काय दिवस होता!

काकांचा प्रोग्राम साधाच. शिवारातल्या पाऊसमापकांचे आकडे घालायचे, जमिनीत ओल किती ते तो सांगतो. त्यावरून ज्वारी कधी पेरायची हे काका लोकांना सांगतात. "सगळी इचारायला येत्यात की!" — लई अभिमानानं.

मी नवा नियम लावून तो चालवला. अडकणार हे ठाऊकच होतं. अडकला. "बघ!" बाई खूश. जाहीर न केलेली नावं स्क्रीनवर आली, मी एकेक वाचत गेले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हे नाव मघाशी आलं होतं. पण असं नव्हतं."

एक अक्षर चुकलेलं! माळावरच्या पाऊसमापकाचं नाव. भाषेनं कुरकुर केली नाही. हे नवंच नाव असेल असं समजून, तिथे शून्य धरून पुढे गेली. माळावरचा पाऊस बेरजेत कधी आलाच नव्हता.

काका खुर्चीत बसले. "म्हंजे... ओल असताना बी मी लोकांस्नी थांबा म्हणत हुतो?"

मी ते अक्षर दुरुस्त केलं. आत काकू भाकरी थापत होत्या.

मग काका म्हणाले, "बरं झालं, कळलं. ह्या पेरणीला तरी बरोबर सांगंन. पर चंद्रिकाताई, तुमच्या भाषेनं हे मला आदीच का न्हाय सांगितलं?"

परतीच्या एसटीत बाईंनी विरोधाचा मजकूर माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. सोलापूरला उतरताना फक्त म्हणाल्या, "इर्ली." म्हणजे असू दे. बाईंच्या तोंडून कन्नड निघालं की समजायचं — आत काहीतरी ठरतंय.

१२ ऑगस्ट, सोमवार

विरोध मागे घेतला!!

१७ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर नवा मजकूर चाललाय. नियमाच्या बाजूनं! फक्त एक सवलत: जुन्या प्रोग्रामला जुन्या पद्धतीनं चालू द्या, पण तसं कुणीतरी स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि तेव्हाही, जाहीर न केलेलं नाव दिसलं की इशारा द्यायचाच.

"जुन्याला मारायचं नाही. पण त्याला गप्पही बसू द्यायचं नाही," बाई म्हणाल्या.

समितीतल्या एकानं फोनवर विचारलं, गेल्याच आठवड्यात विरोध कळवलात, आता हे काय? बाई शांतपणे म्हणाल्या, "मी चुकत होते. मंगळवेढ्याला जाऊन आले." बास! ना सारवासारव, ना चेहऱ्यावर ओशाळेपण. मला भांडणात बोललेला एक शब्द मागे घ्यायचा तर किती जड जातं! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "पुढचं वाच गं," म्हणाल्या.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बाईंचा मजकूर मंजूर! ऑनलाइन मीटिंगमध्ये टाळ्या. मग बाई म्हणाल्या, हे माझं शेवटचं मत, माझ्या जागी मी अक्षताचं नाव सुचवते. मला विचारलंसुद्धा नव्हतं! स्क्रीनवरचे सगळे चेहरे माझ्याकडे. माइक चालू केला, इंग्रजी सगळं विसरले, आणि तोंडातून निघालं — "व्हय!"